पाळी चुकली आणि घर संशयानं भरलं

"तुम्हाला दिवस गेलेले नाहीत. हे हार्मोनल इम्बॅलन्स आहे," सोलापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हार्मोन म्हणजे रक्तातून फिरणारे रस. पाळी त्यांच्यावर चालते आणि माझं तेच बिघडलं होतं. पण मला वाटलं, धीर द्यायला बाई खोटं बोलतायत.

मुरुमजवळ आमचं गाव. माझे मालक गावच्या सोसायटीत शिपाई आणि मी दुष्काळी कामावर खडी फोडायची. तीन लेकरं झाल्यावर मालकांनी नसबंदी करून घेतली. "तीन महिने जपा, मग तपासणीला या," असं नसबंदीच्या शिबिरात सांगितलं होतं. तपासणीला ते गेलेच नाहीत, आणि जपणंही एकदा राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी औषधाच्या दुकानातून गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या आणल्या. दुकानदारानं चिठ्ठीसुद्धा मागितली नाही. उलटी झाली म्हणून त्या पुन्हा घेतल्या. तरी मन मानेना, म्हणून आणखी घेत राहिले.

त्या महिन्यात पाळी आली नाही. पुढच्याही नाही.

सासूबाईंच्या ते आधी ध्यानात आलं. माझ्यादेखत त्या लेकाला म्हणाल्या, "ही बाहेर बसंना झालीया. तुझं तर आप्रेशन झालंय न्हवं?"

तेव्हापासून मालक कामावर माझा मुकादम कोण, मी कुणासंगं पाणी प्याले, हे विचारायला लागले. मी म्हटलं, "तुमचं आप्रेशनच फसलं असंल."

"म्हंजी माझ्यावरच उलटव," ते म्हणाले.

मग माझाही कुणावर भरवसा राहिला नाही. शेजारणी हसल्या तरी माझ्यावरच हसतायत असं वाटायचं. शेवटी मीच म्हटलं, "सोलापूरला चला. काय असंल ते तुमच्यासमोर निघू द्या."

तिथं प्रेग्नन्सी टेस्ट झाली, म्हणजे लघवी तपासून गर्भ आहे का ते बघतात. माझा विश्वास बसेना म्हणून बाईंनी आठवड्यानं ती पुन्हा केली. दोन्ही वेळा गर्भ नव्हता.

"या गोळ्यांनी पाळी थोडी मागंपुढं होते," बाईंनी समजावलं. "पण तुम्ही त्या पुन्हापुन्हा घेतल्या. वर अंगात रक्त नाही, उन्हातलं काम, पोटाला कमी, आणि ही काळजी. सगळं मिळून पाळी थांबली."

मग त्यांनी मालकांना आत बोलावलं. "ऑपरेशननंतर तपासणी केली?"

"न्हाय. आप्रेशन झालं म्हंजी झालं."

बाईंनी सीमेन टेस्ट करायला लावली, म्हणजे वीर्यात बीज उरलंय का ते बघायचं. पुढच्या खेपेला बाईंनी रिपोर्ट वाचला. बीज होतं.

"यांना दिवस गेलेले नाहीत," बाई मालकांना म्हणाल्या. "पण गेले असते तर ते तुमचेच असते."

मालकांनी मान खाली घातली. यष्टीत बसल्यावर म्हणाले, "चुकलं माझं."

मी विचारलं, "आणि बीज निघालं नसतं तर?"

घरी गेल्यावर आईला त्यांनी स्वतः सगळं सांगितलं, माझ्यासमोर.

रक्तवाढीच्या गोळ्या आणि वेळेवर भाकरी, एवढ्यावर पाळी हळूहळू सुरू झाली. डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी मला एकटीला तपासून घरी पाठवलं नाही.

बायांनो, गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. पाळी चुकली तर आधी तपासून घ्या. आणि घरात संशय घेणारा कुणी असंल तर त्यालाही बरोबर न्या. त्याचीही तपासणी होऊ द्या.