चौदा दहा ते चौदा बावन्न

त्या हिवाळ्यात आमची बटालियन उत्तर काश्मीरमध्ये होती. मी पोस्ट दोनवर हवालदार होतो. उंची साडेबारा हजार फूट, माणसं सोळा. पहाटे पाचला हत्यारं घेऊन मोर्च्यावर स्टँड टू, सहाला चहा, सातपासून पोस्टवरचा बर्फ काढायचा. एक दिवसाआड चार जणांची पेट्रोल, म्हणजे गस्त, पोस्ट तीनच्या वाटेवर जाऊन यायची. आमचे कॅप्टन साहेब त्या आठवड्यात खाली बेसवर होते, त्यामुळे पोस्ट माझ्या हातात होती.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, अशा ठिकाणी माणूस दिवसभर देशाचा विचार करत असेल. आम्ही हॉकीचा विचार करायचो. बटालियनची टीम फायनलला आली होती. शेजारच्या बटालियनशी तीन मॅचची सिरीज होती, बेसवरच्या मैदानात. आमच्यापैकी दोन-चार जण सोडले तर कोणाला ती बघायलाही मिळणार नव्हती. तरी लंगरमध्ये भात वाढता वाढता टीम बदलली जायची. ज्याने जन्मात स्टिक धरली नाही तोही सेंटर हाफ कोण असावा ते ठणकावून सांगायचा. माझं मत मात्र खरंच विचारलं जायचं. मी स्वतः सहा वर्षं बटालियनकडून खेळलो होतो आणि टीम बघणारे सुभेदार साहेब मला मानायचे. यादी त्या दिवशी सोळाशेला, म्हणजे दुपारी चारला, बंद होणार होती. दहा नावं नक्की होती. भांडण राइट बॅकवर होतं.

एक नाव होतं खोत. पोस्ट एकवरचा, बावीस वर्षांचा, हरणासारखा पळणारा. दुसरं होतं नाईक मनोहर घाडी, माझ्याच पोस्टवरचा. मी घाटकोपरचा, तो बोरिवलीचा. भरतीच्या रांगेत तो माझ्यापुढे उभा होता, ट्रेनिंगला शेजारच्या खाटेवर. दहा वर्षं तो राइट बॅक खेळला होता. आता वय सदतीस, डावा गुडघा सुजायचा. पुढच्या वर्षी तो पेन्शनवर येणार होता.

त्या दिवशी पेट्रोलवर जायची पाळी त्याचीच होती. कमांडर तोच. साडेबाराला निघताना तो माझ्याकडे आला.

"जाधवा, माझा नाव दे हां आज."

"देतो रे."

"मस्करी नको. शेवटची टुर्नामेंट आसा माझी. मेल्या, तू बोललास तर सुभेदार साहेब ऐकतात."

"दिलं समज. जा तू, उशीर होतोय."

त्याने माझ्या पाठीत गुद्दा घातला आणि निघाला. सोबत तिघे होते. रेडिओ सेट शिपाई गायकवाडच्या पाठीवर होता.

तेराशेला पेट्रोलचा ओके रिपोर्ट आला. चौदाशेला दुसरा आला. पुढचा पंधराशेला यायचा होता.

पेट्रोल बाहेर असताना नेट, म्हणजे सगळ्यांचा एकच रेडिओ चॅनल, मोकळं ठेवायचं, हा नियम आहे. मी स्वतः तो नव्या जवानांना शिकवायचो. सेटचं बटन जो दाबून धरतो त्याचाच आवाज जातो, तेवढा वेळ दुसऱ्याला बोलता येत नाही. त्यात पोस्टचे सेट मोठे आणि पेट्रोलचा लहान, थंडीत बॅटरी अर्धमेली. पण ओके रिपोर्ट आला की पुढचा तास आपलाच, अशी आम्हा पोस्टवाल्यांची सवय झाली होती. रेडिओ चेकच्या नावाखाली गप्पा चालायच्या. कोणी कधी पकडलं नव्हतं.

चौदा शून्य पाचला पोस्ट एकवरून हवालदार शिंदेने हाक दिली.

"दोन, तुमच्या घाडीचं काय करायचं? सुभेदार साहेब नाव मागतायत. ओव्हर."

मी काही बोलायच्या आत पोस्ट तीनवरचा नाईक मोरे मध्ये पडला. "घाडीच पाहिजे. पेनल्टी कॉर्नरला छाती पुढे करून तोच उभा राहतो. खोत पाठ फिरवेल. ओव्हर."

"खोत निदान बॉलपर्यंत पोचतो तरी," शिंदे म्हणाला. "ओव्हर."

आता माझी पाळी होती. दीड तासापूर्वी मी शब्द दिला होता. पण मला सिरीज जिंकायची होती, आणि खरं सांगायचं तर मला तिन्ही पोस्टना हसवायचं होतं. माझ्या बोलण्यावर लोक हसायचे आणि मला ते फार आवडायचं.

"घाडी वळेपर्यंत बॉल गोलात जाऊन चहा पिऊन येतो," मी म्हणालो. "ओव्हर."

मोरे खो खो हसला. बटन दाबूनच हसला. मग मी सुटलोच. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, त्याचा गुडघा पाच वर्षांपूर्वीच रिटायर झालाय, फक्त घाडीला कळवायचं राहिलंय. म्हटलं, त्याला राइट बॅक नको, स्कोअरबोर्डजवळ खुर्ची द्या. मोरेने अजून दोनदा त्याची बाजू घेतली. मी दोन्ही वेळा त्याला गप्प केलं. मग सेमीफायनलचा एकेक गोल निघाला, त्याआधीच्या वर्षीची मॅच निघाली. मध्ये एक-दोनदा सेटवर खरखर झाली. मी म्हणालो, थंडी आहे, आणि पुढे बोलत राहिलो. शेवटी म्हणालो, "माझ्या पोस्टकडून खोतचं नाव लिहा. फायनल. ओव्हर."

सगळे एकदम थांबले. त्या शांततेत बारीक, घोगरा आवाज आला.

"दोन, दोन, दोन. बटन सोडा. हात जोडतो, बटन सोडा."

गायकवाड होता. घड्याळात चौदा बावन्न झाले होते.

चौदा दहाला वाटेवर बर्फ सुटला होता. घाडी सगळ्यांत पुढे होता, तो त्यात सापडला. उरलेल्या तिघांनी दहा मिनिटांत त्याला उकरून काढलं. मांडीचं हाड मोडून बाहेर आलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. सेट लागत नव्हता आणि वरून अजून बर्फ सुटायचा धोका होता, म्हणून घाडीनेच दोघांना पोस्ट तीनकडे मदतीला पिटाळलं. गायकवाड त्याच्याजवळ थांबला, पट्टी दाबून धरत आणि दर मिनिटाला हाक देत.

मी लगेच बेसला कळवलं. हेलिकॉप्टर पाच मिनिटांत उडालं. खोऱ्यावर ढग उतरायला लागले होते. पायलटने दोनदा प्रयत्न केला आणि पंधरा वीसला तो परत फिरला. नंतर तोच मला म्हणाला, "अर्धा घंटा पहले बोलते, तो उठा लाता." त्याला काहीच माहीत नव्हतं. सहज म्हणाला.

मी पाच जण घेऊन पायी निघालो. पंधरा पन्नासला पोचलो, पोस्ट तीनची मदत अजून वाटेत होती. घाडी पंधरा पस्तीसला गेला होता. गायकवाडने स्वतःचं जॅकेट त्याच्यावर घातलं होतं. सेट दोघांच्या मध्ये बर्फात उभा होता, आवाज पूर्ण मोठा.

"सगळं ऐकू येत होतं?" मी विचारलं.

"हो, हवालदार."

"त्याला?"

"शुद्धीवर होते ते. सगळं ऐकलं."

मी सेटचा आवाज बंद केला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मी लॉगमध्ये लिहिलं होतं, 'चौदाशे ते चौदा बावन्न पेट्रोलचा सेट ऐकू आला नाही.' वाक्य खरं होतं. शिंदे आणि मोरेने तेच सांगितलं. आदल्या संध्याकाळी मी गायकवाडला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "तुला अजून पंधरा वर्षं नोकरी करायचीय." त्याने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी साक्षीत तो म्हणाला, बॅटरी थंडीने बसली होती. इतकं हलकट काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

सिरीज आम्ही दोन-एकने जिंकलो. खोत तिन्ही मॅच अप्रतिम खेळला. माझी निवड अगदी बरोबर होती. कप घाडीच्या नावाने अर्पण केला गेला आणि मी टाळ्या वाजवल्या.

या सगळ्याआधी घाडीला बोरिवलीला घेऊन मीच आलो होतो. गर्दी, फुलं, घोषणा, सगळं झालं. चौथ्या दिवशी त्याची बायको, सुनीतावहिनी, समोर येऊन बसल्या.

"भावजी, शेवटी काही बोलले का?"

मी क्षणभरही थांबलो नाही. "तुमचं नाव घेतलं, वहिनी."

त्या रडल्या, मग त्यांनी मला बळेच जेवायला वाढलं आणि मी जेवलो.

आता मी निवृत्त आहे. घाडीच्या नावाने बोरिवलीत एका शाळेच्या मैदानावर दरवर्षी हॉकी स्पर्धा होते, फायनल तीन रविवारी तीन मॅचची. पहिल्या मॅचआधी त्याच्याबद्दल माइकवर चार शब्द मी बोलायचे, हे सुनीतावहिनी ठरवतात. दुसरं कोणी सुचवलं तर त्यांना चालत नाही. मला वाटायचं, केवढा मान देते ही बाई.

यंदा पहिल्या रविवारी सकाळी मी पायऱ्यांवर बसलो होतो. पुढे वस्तीतले पाच-सहा जण टीमवर तावातावाने बोलत होते.

"गोलकीपर बदल यार, वाट लावणार तो."

"तो उभा राहतो की झोपतो, तेच कळत नाय."

"त्याच्यापेक्षा गोलात पाण्याचा ड्रम ठेव, निदान एखादा बॉल तरी अडेल!"

सगळे हसले. गोलकीपर पाच पावलांवर नळाला बाटली भरत होता. त्याने वर बघितलं नाही. बाटली भरून वाहत होती तरी नळ बंद केला नाही.

"गप्प बसा रे!" मी ओरडलो. "अक्कल आहे का? ऐकतोय तो!"

"काय झालं काका? लाइनअपवरच बोलतोय ना आपण. एवढं का तापता?"

मागे खुर्चीवर सुनीतावहिनी बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "सांगा ना भावजी. का गप्प बसायचं, ते सांगा त्यांना."

मी वळून बघितलं आणि मला कळलं.

त्या उठून मला कुंपणाकडे घेऊन गेल्या. "गायकवाड मालाडला सिक्युरिटीत असतो. ते गेल्यावर तीन वर्षांनी माझ्याकडे आला होता. पायावर डोकं ठेवून रडला. सगळं सांगितलं त्याने."

"इतकी वर्षं तुम्ही..."

"दरवर्षी तुम्हालाच बोलायला लावते. तुम्ही माइक हातात घेता तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघते. घाम फुटतो तुम्हाला. मला बरं वाटतं."

मी मान खाली घातली. मग जे इतकी वर्षं गायकवाडला विचारायची हिंमत झाली नव्हती, ते विचारलं. "वहिनी, खरंच शेवटी काय बोलला तो?"

"मला माहीत आहे."

"सांगा."

"नाही. तुम्ही मला जे सांगितलंत त्यावर मी तीन वर्षं काढली. खोटं होतं, पण माझं होतं. तेही गेलं. तुम्हाला मी काहीच देणार नाही." माइकवाला हाका मारत होता. "जा. चार शब्द बोला."

मी गेलो आणि बोललो. नाईक मनोहर घाडी, वय सदतीस. उत्तम राइट बॅक, कॉर्नरला छाती पुढे करून उभा राहणारा. बर्फाखालून निघाल्यावर त्याने पहिला हुकूम दिला तो दोघांनी तरी धोक्याच्या उतारावरून बाहेर पडावं म्हणून, स्वतःसाठी नव्हे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन गायकवाडला फोन लावला. त्याने उचलला. मी म्हणालो, "एवढंच सांग, शेवटी काय म्हणाला?"

"वहिनींनी नको म्हटलंय, हवालदार."

"मी हात जोडतो."

तो म्हणाला, "घाडी नाईकांनीपण नको म्हटलं होतं. म्हणाले, जाधवाला काही सांगू नको." आणि त्याने फोन ठेवला.