लघुग्रह आणि डिनर सेट

मागच्या आठवड्यात पृथ्वी नष्ट होणार होती आणि त्या गडबडीत माझं वर्षभराचं लोणचं संपलं.

झालं असं, की टीव्हीवरच्या बाईनं सांगितलं, डोंगराएवढा एक लघुग्रह पृथ्वीकडे निघालाय, शनिवारी संध्याकाळी पोहोचेल. मी नाशिकला इंदिरानगरात तीन खोल्यांत एकटी राहते. आमचे हे गेल्यापासून घरात बोलणारं माणूस म्हणजे ती टीव्हीवरचीच बाई, त्यामुळे तिच्यावर माझा फार विश्वास! (बातमीच्या शेवटी मोठं प्रश्नचिन्ह होतं म्हणे. माझा चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता.)

मी लगेच घरच्या ग्रुपवर निरोपाचा मेसेज टाकला. शनिवारी सगळं संपतंय, चुकलंमाकलं माफ करा, सुखात राहा. (पृथ्वीच गेल्यावर हे लोक कुठं सुखात राहणार होते, कोण जाणे!) कॅनडातल्या मुलानं अंगठा पाठवला. बाकीच्यांनी हात जोडले. एका भाच्यानं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. एवढा गोतावळा, पण फोन एकाचाही नाही. लघुग्रहापेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग म्हटलं, मरू दे, आता मागे कशाला काही ठेवायचं? मुलासाठी राखलेली कैरीच्या लोणच्याची बरणी उघडली, निम्मं खाल्लं, निम्मं बिल्डिंगमध्ये वाटलं. पाहुण्यांसाठी म्हणून जन्मभर खोक्यात ठेवलेला डिनर सेट काढला. शनिवारी त्यातली सहाच्या सहा ताटं टेबलावर मांडली आणि एकटीच बसले!

दिवेलागणीला बेल वाजली. दारात शकूताई, माझी मोठी नणंद, सिन्नरकडच्या खेड्यातली. मुलाच्या लग्नात त्यांनी माझ्या वांग्याच्या भाजीला 'दवाखान्यातली' म्हटलं होतं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आता एका हातात वांग्यांची पिशवी, दुसऱ्या हातात वळकटी.

"ताई, तुम्ही?"

"नातवानं मेसेज वाचून दावला. मरायचंच हाय तं एकटी कशाला मरती? म्हून आले."

मला रडूच फुटलं. ताईंनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि तडक ओट्याशी गेल्या. (भाजी मी करीन, या भीतीनं असणार.)

नवी ताटं घेऊन आम्ही गॅलरीत बसलो. एका विमानाला बघून मी ताईंना मिठी मारली. मग टीव्ही लावला, तर लघुग्रह चंद्राच्याही पलीकडून निघून गेलेला. बाई म्हणाली, अगदी जवळून गेला. ताईंना ते 'जवळ' काही पटलं नाही. त्यांनी लोणचं मागितलं, ते संपलेलं. त्यावरून आमचं जे जुंपलं, ते झोपेपर्यंत. किती महिन्यांनी मला गाढ झोप लागली!

सकाळी ताई पहिल्या एसटीनं गेल्या. त्यांची म्हैस दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. दोन ताटं धुऊन ठेवली आणि घर खायला उठलं. चार दिवस कसेबसे काढले, मग मीच फोन लावला.

"ताई, आणखी एक येतोय म्हणे. या शनिवारी."

पलीकडे म्हैस हंबरली.

"केवढा हाय?"

"बसएवढा."

"जायला किती दिस लावंल?"

"आठवडा तरी."

"मंग म्हशीचं बघते अन् कपडे घिऊन येते."

आज गुरुवार. सकाळपासून चष्मा लावून टीव्हीपुढे बसलेय. शनिवारच्या आत बसएवढा लघुग्रह शोधायला हवा!