डब्यात परत न जाणारा नमुना

उत्तम पेडणेकरांनी एकतीस वर्षं डोंबिवलीच्या एमआयडीसीत एकच काम केलं. रंगाच्या प्रत्येक लॉटमधून वाटीभर नमुना काढायचा आणि त्याचे हाल करायचे. खरवडायचा, उकळायचा, जाळायचा. लॉट पास होऊन गाडीत चढायचा. नमुना मात्र कधी डब्यात परत गेला नाही.

म्हणून डॉक्टर अंतरांनी किडनीच्या नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का असं विचारून बावीस पानी संमतीपत्र हातात ठेवलं, तेव्हा त्यांना आधी ती नमुन्याची वाटीच आठवली. आंबिवलीला घरी आल्यावर त्यांनी ते चपलांच्या स्टँडमध्ये लपवलं. बायकोला, सरोजवहिनींना, ते तासाभरात सापडलं, म्हणजे बिल्डिंगला दोन तासांत. लिफ्टमध्ये लोक त्यांना शेवटचं बघून घेतल्यासारखे बघायला लागले. चौथ्या मजल्यावरच्या जगनने तर आजवर काय काय खाल्लंत ते लिहून ठेवा, नंतर चौकशीत लागेल, असा सल्ला दिला. पण सही नाही करावी तर रिपोर्टातला आकडा दर महिन्याला वर सरकत होता आणि डायलिसिस वर्षभरावर येऊन ठेपलं होतं. दोन्हीकडून घाम.

गुरुवारी ते वहिनींना घेऊन दवाखान्यात गेले. संमतीपत्रावर अकरा ठिकाणी लाल पेनाच्या खुणा, म्हणजे अकरा प्रश्न.

"मॅडम, मला खरी गोळी मिळणार की नुसती तशी दिसणारी?"

"ते मलाही कळू देत नाहीत, काका. चालू औषधं मात्र सुरूच राहतील."

वहिनींनी पदर घट्ट धरला. उत्तमरावांना मात्र पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. त्यांच्या लॅबमध्येही वाटीवर नंबरच असायचा. कुणाचा लॉट ते कळलं की तपासणाऱ्याचा हात ढिला पडतो. बारावा प्रश्न कागदावर नव्हता. तो त्यांनी संमतीपत्र मिटवून विचारला.

"नमुन्याला मधेच परत जाता येतं?"

"कधीही. कारणसुद्धा सांगावं लागत नाही." मग अंतरा हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? विचारताना मीही घाबरते. कितीतरी पेशंट नंतर फिरकतच नाहीत."

उत्तमरावांनी सही केली. ओळ वाकडी गेली. खाली जुन्या सवयीने तारीख, वेळ घातली : अकरा वाजून वीस मिनिटं.

"अहो, हात बर्फ झालाय तुमचा," वहिनी म्हणाल्या.

"असू दे," ते म्हणाले. "परत कुठल्या दाराने जायचं, ते विचारलंय मी."