सशाले काय चालते?

त्या सालात कपाशीले असा भाव आला का आमच्या गावातल्या लोकाईले काय करावं अन् काय नाही, हेच सुचेना. अमरावतीच्या बाजारात गाड्या रिकाम्या करून कोणी पाटल्या आणल्या, कोणी घोडं आणलं. आमच्या घरच्या माणसानं दोन ससे आणले. पांढरेफेक, लाल डोळ्याचे. मुलूख सोडून चाललेल्या कोण्या साहेबाच्या खानसाम्यानं ते यांच्या गळ्यात मारले. मी म्हटलं, "काहून आणले हे?" तं म्हणे, "हातात घेऊन पाय, किती मऊ हायेत." बाप्पा! आता याले काय म्हणावं?

खानसाम्यानं एवढंच सांगतलं होतं का हिरवं खाऊ घाला. कोणतं हिरवं, हे यांनी विचारलंच नाही. दुसऱ्याच दिवशी भाड्याचा कापूस वाहाले गाड्या जुंपून हे अकोल्याकडे चालते झाले, ते पाऊस लागला तरी परतले नाही. मागं रायली मी, माझी सासू अन् ते दोन मुके जीव. सासूले मी मामी म्हणत होती. मामी तं भडकलीच. ससा रस्त्यात आडवा गेला तरी माणूस घरी परतते, अन् ह्या शहाण्यानं दोन दोन घरात आणून बसवले, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगे.

हिरवं तरी कुठं होतं? भावाच्या नादात लोकाईनं वावराचे बांध, धुरेसुदिक नांगरून कपाशी पेरली होती. कपाशीच्या ओळीत तण दिसलं का बाया लागल्याच निंदाले. मी त्यांच्या मागं मागं फिरे अन् त्या जे उपटून फेकत ते पदरात भरे. बाया हासत. हासोत! पण पदरातलं घरी आणलं का मी गोंधळून बसून राही. जे बकरी खाते ते ससा खाईल, असं आधी वाटलं. मंग पायलं, बकरी तं रुईचा विखारी पालाही खाते. मंग म्हटलं, जे आपण खातो ते द्यावं. केना अन् पाथरी त्यांनी मिटक्या मारत खाल्ली. तरोट्याची भाजी आपण किती आवडीनं खातो, पण त्याच्या पाल्याकडे त्यांनी पायलंसुदिक नाही. काहून? कोणाले विचारावं? अख्ख्या गावात ससा मारून खाणारे होते, पाळणारं कोणीच नव्हतं.

एक दिवस मादी अंगाचे केस उपटून कोपऱ्यात अंथरू लागली. मले वाटलं, झालं, काहीतरी वाईट खाल्लं इनं. मी रडकुंडीले आली. मामी वाकून पायते तं काय, "अव, हे तं पोटुशी हाये! जागा करून राहिली!" त्या दिसापासून मामी पार बदलली. आडवा जाण्याचं नाव नाही. स्वतः नाल्यावर जाऊन हरळी आणे अन् निवडून निवडून घाले.

मंग हरतालिका आली. आम्ही दोघींनी उपास केला, वाळूचा महादेव मांडला, त्याले पत्री वायली. दुसऱ्या दिवशी ती पत्री पाण्यात सोडायची असते. मी नाल्यावर जाऊन धुणं धुऊन आली तं मामी मोठ्या समाधानानं म्हणते, "पाण्यात काहून टाकायची? मुक्या जीवाच्या मुखी लागली. प्रसादच हाये." मी धुणं तसंच टाकून सशाईकडे धावली. पत्रीत बेल होता, आघाडा होता, धोतरा, रुई, कण्हेर, सगळंच होतं. मादी आपल्या कोपऱ्यातून हालली नव्हती. नरानं खाल्लं होतं. दुपारपर्यंत तो ताठला.

मामी मले विचारे, "महादेवाले चालते, मंग याले काहून नाही चालत?" कोणतं पान लागलं तेही मले आजवर समजलं नाही. देवाचं चुकलं म्हणावं का मामीचं, का कोणाचंच नाही? मामी दोन घास जेवे अन् ताट सरकवे. मले तिचा राग आला होता, अन् तिच्याकडे पायलं का रागही टिकत नव्हता.

मादी व्याली. बोटाएवढी पिलं, डोळे मिटलेले. त्या सकाळी मी पायते तं मामी ओट्यावर बसून मी आणलेल्या चाऱ्यातलं एक एक पान आधी आपल्या तोंडात घालून चावते, थांबते, अन् मंगच मादीपुढं टाकते.

"मामी! थुका आधी! वेड लागलं का तुमाले? माणसाचं पोट अन् सशाचं पोट एक हाये का?"

"मले काय मालूम? तुले तरी मालूम हाये का?"

नव्हतंच मालूम.

"एक मारला म्या," ती म्हणे. "मी मेली तं घरात तू हायेस. हे मेली तं या पिलाईले कोण हाये?"

मी तिच्याजवळ बसली, तिच्या हातातलं पान घेतलं, अर्धं तोडलं अन् माझ्या तोंडात घातलं.