आत्याच्या पापण्या

आमच्या आत्याचे डोळे एकाही फोटोत उघडे नाहीत. माझ्या बारशात ती डोळे मिटून पाळण्याची दोरी ओढते आहे, दादाच्या लग्नात डोळे मिटून अक्षता टाकते आहे, आणि नव्या ट्रॅक्टरच्या पूजेला तर अशी उभी आहे की वाटावं, ट्रॅक्टर नवसाला पावला. एरवी हेच डोळे टक्क उघडे असायचे. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. रिसोडच्या बाजारात सांबाराच्या जुड्या विकताना कोणत्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत दुसऱ्याकडची मेथी आहे, हे तिला लांबूनच कळायचं. पण कॅमेरा समोर आला रे आला की पापण्या खाली. "डोये माये हायेत, पन पापन्या कोनाच्या बापाचं आयकत नाईत," असं ती वर अभिमानानं सांगायची.

आधार कार्डाच्या दिवशी तर नुसती जत्रा. ते मशीन बुबुळांचाही फोटो घेतं. मशीनवाला बिचारा "काकू, उघडा, उघडा" करत घामाघूम झाला. शेवटी मी मागे उभी राहून दोन बोटांनी तिच्या पापण्या वर धरल्या. तो बटण दाबणार तेवढ्यात तिला हसू फुटलं, मग मला, मग सगळ्या रांगेला. मशीनवाला उठून चहाला निघून गेला. दुपारी एकदाचं कार्ड झालं, पण त्यावर आत्या झोपलेलीच आहे.

उघड्या डोळ्यांचा तिचा एकच फोटो होता, लग्नाचा, आणि तो वाळवीनं खाल्ला. तेव्हा लग्न लागलं की नवं जोडपं एसटीनं वाशिमला जाऊन स्टुडिओत फोटो काढून यायचं. मी लहानपणी पाहिलेला तो फोटो मला आठवतो. आत्याचे डोळे चांगले मोठे, काळेभोर, आणि शेजारी आतोबा खांबासारखे ताठ, नजर थेट समोर. आतोबा म्हणजे आत्याचा नवरा. अतिशय अबोल माणूस. 'मीठ दे'च्या पुढे त्यांचं वाक्य गेलेलं कुणी ऐकलं नाही. आत्या म्हणायची, सगळा संसार झाला पण या माणसानं एकदा धड माझ्याकडे पाहिलं नाही. "त्याच दिवशी समजली व्हती मी. म्हनलं, हा काही पाहत नाई, तं दोघायच्या वाटचं मीच पाहून घेतो." म्हणून त्या दिवशी पापण्या हलल्या नाहीत, असा तिचा हिशेब होता.

सत्तरी उलटली, आतोबा गेले, आणि आत्याला एकच घोर लागला. आपण गेल्यावर भिंतीवर कोणता फोटो लागणार? वांगी तोडता तोडता मध्येच थांबून मला म्हणायची, "तुमी तो आधारवाला टांगसान. लोक म्हनतीन, बाई जित्तेपनीच मेली व्हती." हसत म्हणायची, पण तिला खरंच झोप लागत नव्हती.

मी वाशिमला शाळेत शिकवते. तिथे कापडाच्या एका दुकानावर, माडीवरच्या दोन खोल्यांत, दुकानाच्या शेठजींनी फोटोंचं संग्रहालय मांडलं आहे. त्यांच्या आजोबांचा तो स्टुडिओ, आत्याचा फोटो निघाला तोच. जुने कॅमेरे, रंगवलेला पडदा, लाकडी खुर्ची आणि पाकिटांत जपून ठेवलेल्या निगेटिव्ह. मुलांची सहल तिथे नेली तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. शेठजींना नवरदेवाचं नाव-गाव सांगून आले. चार दिवसांनी त्यांचा फोन आला की सापडला, माँजींना घेऊन या.

आत्या तर हवेतच तरंगायला लागली. ठेवणीतलं लुगडं काढलं. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून भाजीची पिशवी भरली, आणि गेटपाशी परत उलटी वळून त्यातली वांगी काढून ठेवली. जन्मभर बाजारात बसलेली बाई. कुणाच्या घरी काय चालतं ते तिला पाठ, आणि शेठजी जैन, त्यांना बहुबियांचं वांगं वर्ज्य. "जैनाच्या घरी वांगे कायले नेतं व? सांबार ने." मग सबंध एसटीत सांबाराचा वास आणि आत्याची बडबड. शेजारच्या बाईला तिनं रिसोड सुटायच्या आत सांगून टाकलं की आपण आपलाच फोटो पाहायला म्युझियममध्ये जात आहोत.

शेठजी हळू बोलणारा, हात जोडणारा माणूस. जुड्या त्यांनी तिकिटाच्या टेबलावर अशा ठेवल्या जणू त्याही मांडायच्याच होत्या. आत एका भिंतीवर नुसत्या नवऱ्या होत्या. अनसिंगची, इंझोरीची, कुठकुठली. आत्या एकेकीपुढे थांबत गेली आणि म्हणाली, "शेटजी, या समद्या सख्ख्या बहिनी हायेत काय?"

शेठजी खुदकन हसले. म्हणाले, त्या काळच्या मुली लाजून नाहीतर दिव्याच्या झोतानं हमखास डोळे मिटायच्या. फोटो परत काढायला कुणाला परवडायचं नाही. मग दादाजी बारीक ब्रशनं उघडे डोळे काढून द्यायचे. आता परक्या बाईकडे ते टक लावून कसे पाहणार? निरखून पाहिलेली बाई एकच, त्यांची बायको. "म्हणून माँजी, हे सगळे डोळे आमच्या दादीचे आहेत."

आत्या खांबाला धरून हसली. अरे देवा, म्हणजे अर्ध्या जिल्ह्याच्या लग्नात तुमचीच आजी उभी होती! मीही इतकी हसले की पोटात कळ आली. हसता हसताच आम्ही पुढच्या चौकटीशी पोचलो. तिथे दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते, डावीकडे निगेटिव्हवरून काढलेला मूळ, उजवीकडे ब्रश फिरवलेला. उजवीकडची म्हणजे वाळवीनं खाल्लेल्या आमच्या फोटोचीच दुसरी प्रत. तेच मोठे काळेभोर डोळे. दादीचे.

डावीकडे आत्या डोळे गच्च मिटून उभी होती.

तिचं हसू थांबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कशाला आणलं मी हिला? जन्मभर ज्या एका नजरेच्या गोष्टी सांगितल्या ती नजर शेठजींच्या आजीची निघाली. शेठजीही कावरेबावरे होऊन उपरण्यानं काच पुसायला लागले. मी तिचा हात धरला तर तिनं तो सोडवून घेतला आणि डावीकडच्या फोटोला नाक लागेल इतकी जवळ गेली.

"पाह्य व," ती म्हणाली. "पाह्य इकडं."

मी पाहिलं. डावीकडच्या फोटोत आतोबा समोर बघतच नव्हते. मान ताठ, पण डोळे तिरपे, थेट आत्याकडे. ओठ मिटलेले, तरी गालात हसू मावत नव्हतं. शेठजी चाचरत म्हणाले, नवरदेवाची नजरही दादाजी सरळ करून द्यायचे. घरात वडीलधारी माणसं असायची, बायकोकडे बघतानाचा फोटो भिंतीवर कसा लावणार?

आत्या लाजली. बाहत्तर वर्षांची बाई, पदर तोंडात धरून, अशी लाजली की मीच दुसरीकडे बघितलं. शेठजींनी कोणती प्रत देऊ विचारलं तेव्हा तिनं नुसतं डावीकडे बोट दाखवलं. परतीच्या एसटीत मी मोबाईलवर तिचा फोटो काढला, तर पापण्या खाली. आम्ही दोघी शिरपूर येईपर्यंत हसत होतो.

यंदाच्या उन्हाळ्यात आत्या गेली. चार दिवसांचा ताप, बस. तेरवीला भिंतीवर मी तोच जोडफोटो लावला आणि घरात गहजब झाला. मेलेल्या माणसाचा मिटल्या डोळ्यांचा फोटो कुणी लावतं का, मोबाईलवर डोळे उघडून मिळतात आता. मी कुणाचं ऐकलं नाही, आणि खूप रडले. अजूनही येणारा-जाणारा विचारतो की बाईंनी डोळे का मिटलेत. एसटीत ती मला जे म्हणाली होती तेच मी त्यांना सांगते.

"तो पाहून राह्यला व्हता ना मले? मंग झालं. दोघायनं कायले पाहाव?"