युरोपवाल्या मॅडम आणि एक प्रश्न

आमच्या मॅडमचा आवाज असा, की अमरावतीत हजेरी घेतली तर अकोल्याची पोरं ‘हजर’ म्हणून उठत. युरोपातल्या हक्कांच्या सनदा त्या कॉलेजात शिकवत, म्हणून ‘युरोपवाल्या मॅडम’. स्वतः चिखलदऱ्यापलीकडे गेल्या नव्हत्या. पण पॅरिसच्या लोकांना पत्ता त्याच सांगत असाव्यात.

शिकवायची रीत त्यांची त्यांचीच. एकेक बाक म्हणजे एकेक देश. वऱ्हाडातली एक तक्रार घ्यायची आणि देशोदेशी फिरवायची.

“भातकुलीच्या पोट्टीचं लगन तिले न इचारता ठरलं. कुठं दाद लागते?”

मी इंग्लंड. म्हणालो, “आमच्यात राजाकडे अर्ज करता येतो, मॅडम. बापाविरुद्ध कुठं जायचं, ते लिहिलेलं नाही.”

फ्रान्स गरजला, “माणूस जन्मतःच स्वतंत्र!”

“बाई धरली काय त्यात?”

फ्रान्स खाली बसला. जर्मनीच्या बाकावरची तेल्हाऱ्याची अश्विनी हळूच म्हणाली, “आमच्यात माणसाची प्रतिष्ठा सगळ्यात आधी. म्हणजे पहिले तिलाच विचारावं लागेल.” मॅडम अशा खूश झाल्या, की वरचा पंखा एक फेरा उलटा फिरला.

पुढच्याच आठवड्यात अश्विनीचे वडील वर्गात उभे. तिचं लग्न ठरलं होतं, शिक्षण बंद. मॅडम दारात आडव्या झाल्या.

“घरची गोष्ट हाये आमची, मॅडम.”

“पोट्टी सज्ञान हाये, भाऊ. तिले इचारू. अश्विनी, जायचं हाये तुले?”

अश्विनीनं वडिलांकडे पाहिलं. “हो,” म्हणाली. मॅडमना दार सोडावं लागलं.

त्या वर्षी तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेना. हे वाढवून सांगत नाही. एकदाच बोलल्या, “म्या तिले बापासमोर इचारलं रे. राजाले समोर उभं करून त्याच्याच इरुद्ध साक्ष मागतली.” तेव्हापासून पोरींसोबत आलेल्या काका-मामांना त्या आधी चहाला पिटाळत, मगच पोरीशी बोलत.

यंदाच्या हिवाळ्यात अकोल्याच्या दवाखान्यात त्यांना भेटायला गेलो. डॉक्टर ऑपरेशनचं विचारत होते. मुलगा विनवत होता, “आई, हो म्हन ना.”

“याले बाहेर पाठवा, डॉक्टर. अन् याले बी,” मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. “मंग इचारा मले.”

आम्ही दोघं बाहेर उभे राहिलो. थोड्या वेळानं डॉक्टर आले. “ऑपरेशनला नाही म्हणतात,” म्हणाले. मुलानं माझा हात घट्ट धरला. “तुमी समजावा ना, भाऊ. तुमचं आयकते ते.”

मी आत गेलो, उशाशी बसलो. ऑपरेशनशिवाय मॅडम होळी पाहणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. समजावलं नाही मी.