पुलाच्या वहीतली दुसरी बोट

नोकरीत शेकडो नोंदवह्या चाळल्या, पण एका पुलाच्या वहीतली एक ओळ अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर येते. त्या ओळीत एका माणसाच्या बोटीचं नाव नव्हतं, आणि तेवढ्यावरून तो जवळजवळ गुन्हेगार ठरला होता.

अमेरिकेतल्या एका नदीकाठच्या शहरात मी पोलीस खात्यात होतो. शेवटची नऊ वर्षं नदीवरच्या गस्ती पथकात गेली. आता निवृत्त होऊन न्यू जर्सीत पार्सिपनीला मुलीजवळ राहतो. शहराचं आणि माणसांची नावं लिहीत नाही. त्यांची त्यांना ठाऊक आहेत.

शहराची मरीना, म्हणजे बोटी बांधून ठेवायची जागा, नदीच्या मुखाशी. बोटींचं यार्ड आणि शिड उभारून फिरण्याइतकं रुंद पात्र वरच्या अंगाला. मध्ये चार उघडणारे पूल. शिडाच्या बोटीची डोलकाठी उंच, त्यामुळे पूल उघडल्याशिवाय ती खालून जाऊच शकत नाही. बोटवाला रेडिओवर पुलाला हाक देतो, मग घंटा वाजते, गाड्या थांबतात आणि रस्त्याचे दोन तुकडे वर उचलले जातात. संध्याकाळी चार ते साडेसहा मात्र ऑफिसं सुटण्याची वेळ. तेव्हा बोटींसाठी एकही पूल उघडत नाही.

सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी साडेपाचच्या सुमारास मरीनाजवळ एका शिडाच्या बोटीने वल्ह्याच्या छोट्या कयाकला धडक दिली. कयाकमधल्या शाळाशिक्षिकेचा खांदा आणि दोन बरगड्या मोडल्या. बोट थांबली नाही. काठावरच्या लोकांना एवढंच दिसलं, की बोट पांढरी होती आणि गुंडाळलेल्या शिडावर निळं कापड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली. मरीनातल्या एका कामगाराचा फोन होता. म्हणाला, "काल संध्याकाळी एका इंडियन माणसाने तसली बोट बांधली. वेळ नाही पाहिली मी. पण फार घाईत होता. कोणाकडे बघितलंही नाही त्याने."

बोटीचं नाव 'कन्हान'. मालक नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, वर्क व्हिसावर. नाव वाचल्यावर मी लगेच लेफ्टनंटकडे जाऊन सांगितलं, की हा माणूस माझ्या भाषेचा आहे. ते म्हणाले, "मग प्रश्न तिला विचारू दे. तू ऐक." ती म्हणजे माझी सहकारी डिटेक्टिव्ह. कडक बाई, पण सरळ.

शनिवारी बोटीचा मालक स्वतःहून ठाण्यावर आला. बायको बरोबर होती. आमचं बोलणं बंद दाराआड व्हायचं होतं, म्हणून ती बाहेर बाकावर बसली. माझं आडनाव छातीवरच्या पट्टीवर वाचून उठून उभी राहिली.

"काका, तुम्ही आपले आहात म्हणून बोलते. पुढच्या महिन्यात आमचं व्हिसा रिन्यूअल आहे. केस लागली तर सगळं गुंडाळून परत जावं लागेल. मुलगी थर्ड ग्रेडला आहे."

"चौकशी नीट होईल," मी म्हणालो. त्याहून जास्त काही बोलणं बरोबर नव्हतं.

"ते असं करणारच नाहीत. इतके शिस्तीचे आहेत. ते रेडिओवर बोलतात ना काका, तेव्हा अख्खा पूल उघडतो. मराठी मंडळात कोणालाही विचारा."

मंडळात हे तिनेच सर्वांना सांगितलेलं असणार, हे उघड होतं. मी वाक्य डोक्यात ठेवलं आणि आत गेलो.

त्याचे हक्क वाचून दाखवले, सही घेतली, रेकॉर्डिंग सुरू झालं. त्याने माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "मराठीत बोललं तर चालेल का काका?"

"इथे काका नाही. ऑफिसर. आणि इंग्रजीतच बोला."

त्याचं म्हणणं साधं होतं. साडेपाचला तो खाली मरीनाजवळ नव्हताच, पुलांच्या वरच्या अंगाला थांबला होता. साडेसहानंतर पूल उघडले तेव्हा खाली आला. मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता, म्हणून घाईत बोट बांधून पळाला.

माझ्या सहकारीने समोर कागद ठेवला. "मी पुलाच्या ऑपरेटरला फोन केला होता. गुरुवारी कन्हान नावाच्या बोटीसाठी पूल उघडल्याची नोंद नाही. एकाही पुलावर नाही. रेडिओवर हाक दिली होतीस?"

त्याने कागद जवळ ओढून पाहिला.

"साधा प्रश्न आहे. पूल कोणी उघडायला लावला?"

"उघडला तो," एवढंच म्हणून तो टेबलाकडे बघत राहिला. कान लाल झाले होते.

बाहेर आल्यावर सहकारी मला म्हणाली, "खोटं बोलतोय. बोट आधीच खाली होती. सोमवारी फाइल सरकारी वकिलाकडे देते." तिचं चुकत नव्हतं. बोट जुनी, तिच्यावर ओरखडे भरपूर. कयाकचा रंग त्यात आहे का, याचा अहवाल यायला तीन आठवडे लागणार होते.

पण खोटं बोलणारा माणूस मी बराच पाहिला आहे. त्याच्याकडे उत्तर तयार असतं. ह्याच्याकडे उत्तर नव्हतं, लाज होती. आणि ती लाज माझ्या ओळखीची होती.

खात्यात आलो तेव्हा पहिलं वर्षभर मीही रेडिओला घाबरत असे. मी बोललो की कंट्रोल रूममधून 'से अगेन', म्हणजे पुन्हा सांग, असं यायचं, आणि ते सगळ्या गाड्यांमध्ये ऐकू जायचं. एक-दोन निरोप तर मी रेडिओ टाळून चालत जाऊन दिले. तेव्हा माझ्या बायकोने मला शिकवलं. ती ओट्याकडे तोंड करून पोळ्या लाटायची, मी मागे खुर्चीवर बसून पत्ते आणि गाड्यांचे नंबर सांगायचो. तोंड दिसत नसताना कळलं पाहिजे, हा तिचा नियम. नाही कळलं तर लाटणं ओट्यावर आपटून "से अगेन." कळलं तर "कॉपी." सहा महिने हे चाललं.

त्याच दुपारी मी पहिल्या पुलाच्या केबिनमध्ये गेलो. ऑपरेटरला म्हणालो, "नाव शोधू नका. मला गुरुवारचं पान वाचू द्या." वाचायची सवय जुनी. ओळ न ओळ वाचली. चार ते साडेसहा कोरं. सहा पस्तीसला एक ओळ होती. एका दुसऱ्याच बोटीचं नाव, आणि पुढच्या रकान्यात आकडा, दोन.

"हे दोन काय?"

"बोटी. एक जण हाक देतो, मागे दुसरे असले तर तेही निघून जातात. नाव हाक देणाऱ्याचं, बाकीच्यांची फक्त संख्या."

उरलेल्या तीनही पुलांच्या वहीत तेच नाव, तोच आकडा.

त्या पुढच्या बोटीची मालकीण सत्तरीची, निवृत्त ग्रंथपाल, एकटी बोट चालवणारी. मागच्या बोटीचं विचारल्यावर दारातच हसली. "तो निळ्या टोपीवाला? माझ्यामागे बदकाच्या पिलासारखा येतो. कधी बोलत नाही, हात मात्र हलवतो. मला वाटायचं, मी त्याला आवडते." तिने फोन उघडला. उघडलेल्या पुलाचा फोटो काढायचा तिचा छंद. गुरुवारी सहा सदतीसच्या फोटोत पुलाच्या दोन उभ्या तुकड्यांमध्ये पांढरी बोट होती, निळं कापड, पुढच्या टोकावरचा क्रमांकही दिसत होता. म्हणजे साडेपाचला ती बंद पुलांच्या वरच्या अंगालाच होती.

फोटो माझ्या सहकारीने दोनदा मोठा करून पाहिला. म्हणाली, "मी नाव विचारलं. तू पान वाचलंस." तिच्याकडून आलेली ही दाद मी आजवर जपली आहे.

रविवारी त्याला पुन्हा बोलावलं. "रेडिओचं आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षी एकदा हाक दिली होती, सर. तीनदा 'से अगेन' म्हणाले. त्या चॅनलवर सगळे ऐकतात. कोणीतरी हसलं. ऑफिसात मी चाळीस जणांची मीटिंग घेतो, पण ते काही जमेना. मग कोणी पुढे असेल तर त्याच्यामागून जातो."

"आणि त्यासाठी गुन्हा अंगावर घेणार होतास?"

तो दाराकडे बघत म्हणाला, "ती बाहेर बसली होती. तिला वाटतं, मीच पूल उघडतो."

रेकॉर्डिंग बंद झाल्यावर मी मराठीत बोललो. ओटा, लाटणं, सगळं सांगितलं. म्हणालो, "बायकोलाच सांग आधी. तीच शिकवेल."

धडक देणारी बोट अकरा दिवसांनी सापडली. ती पुलांच्या खालच्या अंगाचीच, मरीनात नेहमी असणारी होती. मालकाने कबुली दिली.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. गप्प बसलेला माणूस काय लपवतोय हे ओळखायचं, तर आपण स्वतः काय लपवलं होतं ते आठवावं लागतं. आणि नोंदवहीत जे नाव नाही, त्याची जागा कुठे तरी आकड्यात असते.

पुढच्या मे महिन्यात मी गस्तीच्या बोटीवर होतो. रेडिओवर एक आवाज आला. नागपुरी वळणाचं इंग्रजी, संथ. बोटीचं नाव सांगून पूल उघडायची विनंती. पुलावरून "से अगेन" आलं. मग त्याने नावाचं एकेक अक्षर रेडिओवरच्या ठरलेल्या शब्दांत सुटं केलं. किलो, अल्फा, नोव्हेंबर, हॉटेल, अल्फा, नोव्हेंबर. घंटा वाजली, गाड्या थांबल्या. पुढे दुसरी बोट नव्हती. शेजारी त्याची बायको सुकाणू धरून बसली होती.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. ती जाऊन आता आठ महिने झाले. त्या दिवशी ती वळलीसुद्धा नव्हती. सगळं ऐकून घेतलं आणि ओट्याकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "कॉपी."